घासू नका, भिजवा!

वळवाचा एक जोरदार पाऊस होऊन गेला आहे. संध्याकाळची हवा गार झाली आहे. अशा वेळी तुम्ही मोटारीने गावाहून परतत असाल, तर एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटायची नाही. दिवेलागणीच्या सुमारास रस्त्याकडेच्या शेतांतून आणि झाडांतून किड्यांचे थवेच्या थवे उठतात. हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडून कडुनिंबाकडे, बाभळीकडे निघालेले असतात. वारुळांतून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते. पतंग असतात, चिलटे असतात. गाडीच्या दिव्यांच्या झोतात हे सारे क्षणभर चमकतात आणि लगेच काचेवर 'टप्' असा आवाज होतो. पुन्हा 'टप्'. घरी पोचेपर्यंत पुढची काच, दिवे, नंबरपाटी आणि बॉनेटची पुढची कड पिवळ्या-तपकिरी ठिपक्यांनी भरून जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातले कोणी तरी कोरडे फडके घेऊन हे डाग घासू लागते. डाग निघत नाहीत, म्हणून आणखी जोराने घासते. निम्मा डाग तसाच राहतो आणि निम्मा काचेभर फासला जातो. मग कंटाळून नळाला रबरी नळी लावली जाते किंवा चार-पाच बादल्या पाणी आणले जाते, आणि हातभर जागेतल्या डागांसाठी सगळी गाडी धुतली जाते. एका बादलीत १५ लीटर पाणी धरले, तरी पाच बादल्यांचे ७५ लीटर झाले. ऐन उन्हाळ्याच्या शेवटी, गावात टँकर येत असताना, हे परवडण्यासारखे आहे का?

मित्रांनो, सगळी गाडी न धुता, दोन तांबे पाण्यात आणि काचेवर वा रंगावर ओरखडा न उमटवता हे डाग काढता येतात. युक्ती दोनच शब्दांत सांगता येईल : घासू नका, भिजवा. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने 'का?' असे विचारल्याशिवाय कोणतीही युक्ती स्वीकारू नये. तेव्हा आधी त्या डागाची जन्मकथा पाहू.

टकरीचा हिशेब

समजा, गाडी ताशी ९० किलोमीटर वेगाने धावत आहे. म्हणजे सेकंदाला २५ मीटर. समोरून एक मधमाशी आली. तिचे वस्तुमान सुमारे ०.१ ग्रॅम, म्हणजे ०.०००१ किलोग्रॅम. गाडीच्या मानाने माशीचा स्वतःचा वेग लहान असतो; तो सोडून देऊ आणि ती काचेवर सरळ आपटली असे धरू.

गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. आकडे घालून पाहा. उत्तर सुमारे ०.०३ ज्यूल येते. आकडा किरकोळ वाटतो, नाही का? पण ही ऊर्जा किती थोड्या वेळात खर्च होते ते पाहा. माशीची लांबी साधारण १२ मिलिमीटर. तिचे डोके काचेला टेकल्यापासून शेपटाकडचा भाग काचेपर्यंत पोचायला लागणारा वेळ म्हणजे ०.०१२ भागिले २५, अर्थात सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका! एवढ्या वेळात तिचा संवेग बदलतो. संवेगातील बदलाला वेळेने भागले की सरासरी बल मिळते. ते येते सुमारे ५ न्यूटन, म्हणजे अर्ध्या किलोच्या वजनाइतके. माशीच्या स्वतःच्या वजनाच्या हे पाच हजार पट झाले. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे माशीही गाडीला तेवढ्याच बलाने ढकलते, पण हजार किलोच्या गाडीला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता आणखी एक हिशेब करू. किड्याच्या शरीराचा बराचसा भाग द्रव असतो. वेगाने येणारा द्रव एखाद्या पृष्ठभागावर अडला की तेथे दाब निर्माण होतो. तो द्रवाची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन इतका असतो. पाण्याची घनता घेतली, तर ताशी ९० किलोमीटर वेगाला हा दाब सुमारे ३,१२,००० पास्कल येतो. म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या तिप्पट. या दाबाखाली किड्याच्या अंगातला द्रव फुटून बाहेर पडतो, पातळ थराच्या रूपाने पसरतो आणि पृष्ठभागावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचाखोचांत शिरतो. भिंतीला रंग देणारा कारागीर ब्रश दाबून रंग भेगांत बसवतो ना, तसेच.

याच सूत्रात वेग ताशी ३० किलोमीटर घातला, तर दाब नवव्या हिश्शावर येतो. कारण वेग तिपटीने कमी झाला, आणि दाब वेगाच्या वर्गावर अवलंबून आहे. म्हणूनच शहरात हळू चालणाऱ्या गाडीवर असे डाग क्वचित दिसतात आणि महामार्गावरून आलेल्या गाडीवर ढिगाने.

येथे एक शंका येईल. अगदी बारीक चिलटे काचेवर फार का आदळत नाहीत? गाडीपुढची हवा काचेवरून वर वळून जाते. चिलटाचे वस्तुमान इतके कमी असते की वळणारी हवा त्याला आपल्याबरोबर घेऊन जाते. भुंगेऱ्याला मात्र आपल्या जडत्वामुळे एवढ्या झटकन दिशा बदलता येत नाही. तो सरळच जातो आणि आपटतो. गाडीची काच जितकी तिरपी, तितके हवेचे वळण सौम्य. उलट सरळ उभ्या काचेची एस.टी. बस किंवा ट्रक यांच्यावर किड्यांचा मारा अधिक होतो.

डाग नव्हे, सरस!

किड्याच्या अंगात नेमके असते काय? आपल्या रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे येतो, आणि हे हिमोग्लोबिन सगळ्या शरीराला ऑक्सिजन पुरवते. बहुतेक कीटकांत ऑक्सिजन पोचवण्याचे काम रक्त करीत नाही. त्यासाठी त्यांच्या शरीरात हवेच्या बारीक नळ्यांचे जाळे असते. म्हणून त्यांचे रक्त लाल नसून फिकट पिवळसर किंवा हिरवट असते. (माशी चिरडल्यावर कधी कधी लालसर डाग दिसतो. तो रंग तिच्या डोळ्यांतल्या रंगद्रव्याचा असतो. डासाच्या पोटातून लाल रक्त आले, तर ते बहुधा आपलेच असते!)

या रक्तात प्रथिने भरपूर असतात. जखम झाली की हे रक्तही गोठते, आणि हवेशी संबंध आला की त्यातील काही द्रव्यांवर रासायनिक क्रिया होऊन ते काळपट होते. सकाळी डाग अधिक गडद दिसतो, याचे हे कारण. रक्ताबरोबर चरबी असते, अंगावरचा मेणासारखा थर असतो, आणि कायटिन नावाच्या चिवट पदार्थाच्या कवचाचे, पायांचे, पंखांचे तुकडेही असतात.

सुताराच्या दुकानात पूर्वी सरसाचे भांडे हमखास दिसे. सरस म्हणजे जनावरांची हाडे आणि कातडी उकळून काढलेले प्रथिन. ओला असताना तो सहज पसरतो. वाळला की लाकडाचे दोन तुकडे असे धरून ठेवतो की लाकूड तुटेल, पण सांधा सुटणार नाही. किड्याच्या रक्ताचेही तेच होते. त्यातले पाणी उडून गेले की प्रथिनांचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात आणि काचेला चिकटतात. थोडक्यात, किडा आदळला तेव्हा त्याने काचेवर सरस लावला, आणि रात्रभर वाऱ्याने व सकाळच्या उन्हाने तो वाळवला.

पण सरसाची एक दुखरी नस आहे, आणि ती प्रत्येक सुताराला माहीत असते. वाळलेला सरस फोडायला हातोडी लागते; तोच रात्रभर पाण्यात टाकला तर सकाळी फुगून मऊ झालेला असतो. आपली सारी युक्ती येथेच दडलेली आहे.

एवढी घाई कशासाठी?

काही जण म्हणतील, "राहू द्या की डाग! पुढच्या रविवारी गाडी धुऊ." हे धोक्याचे आहे, आणि त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण डोळ्यांचे. स्वच्छ काचेतून प्रकाश सरळ आत येतो. डागाच्या थरात वेगवेगळ्या आकाराचे कण असतात. त्यांच्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. दिवसा याचा फारसा त्रास होत नाही. पण रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे अशा काचेवर पडले की सगळी काच पांढऱ्या धुक्यासारखी उजळते, आणि पलीकडे रस्त्याच्या कडेने चाललेली बैलगाडी किंवा सायकलवाला दिसेनासा होतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी डोळे दिपलेल्या दोन सेकंदांत ५० मीटर पुढे गेलेली असते. एखाद्याच्या जिवावर बेतायला एवढे पुरे. वायपरने फासलेला डाग तर अखंड डागापेक्षा वाईट, कारण चरबीचा पातळ थर तो काचभर पसरवतो.

दुसरे कारण रंगाचे. अमेरिकेत फ्लॉरिडा आणि आसपासच्या राज्यांत 'लव्हबग' नावाची काळी माशी आहे. मे आणि सप्टेंबर महिन्यांत नर-मादीच्या जोड्या एकमेकींना चिकटून प्रचंड संख्येने रस्त्यांवर उडतात. या माश्यांचा ताजा डाग जवळजवळ उदासीन असतो. त्याचा सामू ६.५ च्या आसपास असतो. परंतु तो तसाच राहू दिला, तर एका दिवसात सामू ४.२५ पर्यंत उतरतो. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट होते, हे तुम्ही शिकला आहात. म्हणजे येथे ती शंभरपटीहून अधिक वाढली. उन्हात तापलेल्या पत्र्यावर असे आम्ल बसून राहिले, तर रंगावर कायमचा डाग उमटतो. आपल्याकडचे किडे निराळे आहेत, पण ओली सेंद्रिय घाण उन्हात सडू देणे कोणत्याच रंगाला मानवत नाही.

घासल्याने काय बिघडते?

जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक श्रेणी मांडली. जो पदार्थ दुसऱ्यावर ओरखडा काढतो, तो अधिक कठीण. या श्रेणीत हिऱ्याला १० अंक आहेत, वाळूतल्या गारेला, म्हणजे क्वार्ट्झला ७, आणि साध्या काचेचा अंक साडेपाचच्या आसपास येतो.

आता रस्त्यावरून आलेल्या गाडीवर किड्यांबरोबर आणखी काय बसलेले असते? धूळ. आणि धुळीत वाळूचे बारीक कण असतात. कोरडे फडके दाबून फिरवले की तुम्ही फडक्याने पुसत नसता, तर नकळत वाळूच्या कागदाने घासत असता! गाडीच्या रंगावर सर्वांत वर जो पारदर्शक थर असतो, तो तर काचेहून कितीतरी मऊ. त्याची जाडी साधारणपणे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी असते. त्यावर गोल गोल फडके फिरवल्याच्या खुणा उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या चमकताना तुम्ही पाहिल्या असतील. डाग आज ना उद्या जाईल. ओरखडा जाणार नाही. आणि काचेवरचा ओरखडाही रात्री प्रकाश विखुरतोच.

घरी मोटार नसेल, पण दुचाकी असेल. मग हेल्मेटच्या पुढच्या पारदर्शक झापेकडे पाहा. ती प्लॅस्टिकची असते, म्हणजे काचेहून खूपच मऊ. शर्टाच्या बाहीने ती पुसण्याची सवय पुष्कळांना असते, आणि वर्षभरात तिच्यातून धड दिसेनासे होते.

पाणी आपले काम कसे करते?

जेवून उठल्यावर ताटात भाताची शिते वाळली, तर आई काय करते? ताटात पाणी घालून ठेवते. अर्ध्या तासाने तेच खरकटे बोटाच्या स्पर्शाने सुटते. तिने कोणते बल लावले? कोणतेच नाही. तिने पाण्याला वेळ दिला.

पाण्याचे रेणू वाळलेल्या थरात हळूहळू शिरतात. याला विसरण म्हणतात. आत शिरलेले रेणू प्रथिनांच्या गुंतलेल्या साखळ्यांमध्ये जागा करून घेतात. थर फुगतो, मऊ होतो आणि काचेवरची त्याची पकड सैल होते. विसरणाचा एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे : थराची जाडी दुप्पट झाली, तर पाणी तळापर्यंत पोचायला वेळ दुप्पट नव्हे, तर सुमारे चौपट लागतो. म्हणून चिलटाचा डाग दोन मिनिटांत सुटतो, आणि जाड भुंगेऱ्याच्या डागाला दहा मिनिटेही अपुरी पडतात. तेथे जोर वाढवायचा नसतो, वेळ वाढवायचा असतो.

अडचण एवढीच की गाडीची काच तिरपी असते. त्यावर पाणी मारले की ते ओघळून जाते, आणि उरलेले वाऱ्याने उडून जाते. डाग भिजायला सवडच मिळत नाही. नळीने भरमसाट पाणी मारूनही डाग हटत नाही, तो यामुळे. यावर उपाय सोपा आहे. डागावर ओले सुती फडके पसरून ठेवा. फडक्याच्या धाग्यांमधील बारीक जागांत केशाकर्षणाने पाणी धरून ठेवले जाते. ते डागाला सतत पुरत राहते, आणि झाकण असल्यामुळे बाष्पीभवनही डागावरून न होता फडक्याच्या वरच्या बाजूने होते. फोडावर ओली पट्टी ठेवतात तसेच हे.

आता साबणाची गोष्ट. मेण लावलेल्या बॉनेटवर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे गोळा होतात. पाण्याच्या पृष्ठताणामुळे असे घडते. २५ अंश सेल्सियसला तो मीटरला सुमारे ०.०७२ न्यूटन असतो. पाण्यात साबण टाकला की तो निम्म्याहून खाली येतो, पाणी पसरते आणि डागाच्या कडांखाली शिरते. शिवाय साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे तेलाकडे. किड्यांतली चरबी आणि मेण ही दुसरी टोके घेरतात आणि पाण्यात ओढून आणतात. यासाठी फेसाचा डोंगर लागत नाही. लीटरभर पाण्यात डोक्याला लावायच्या शाम्पूचे चार-पाच थेंब पुरतात. तुमच्याकडे बोअरचे जड पाणी असेल, तर साध्या साबणाची त्यात साय धरते. शाम्पूची धरत नाही.

प्रत्यक्ष कृती

१. गाडी घराशी, सावलीत उभी करा. इंजिन बंद करून बॉनेट गार होऊ द्या. हात सहज ठेवता येतो का, ते पाहा. तापलेल्या पत्र्यावर पाणी टिकत नाही.

२. एक तांब्या पाणी हळूच ओतून डागांभोवतीची सुटी धूळ वाहून जाऊ द्या. या वेळी हात लावू नका.

३. दुसऱ्या तांब्यात शाम्पूचे थेंब घाला. जुन्या धोतराचे किंवा बनियनचे तुकडे त्यात बुडवून, न पिळता, डागांवर पसरा.

४. दहा मिनिटे थांबा. मधून मधून फडक्यांवर थोडे पाणी शिंपडा. फडके वाळले तर सगळी मेहनत वाया जाईल.

५. फडके उचलून त्याच्याच ओल्या, स्वच्छ बाजूने डाग हलक्या हाताने एका दिशेने टिपून घ्या. गोल फिरवू नका. प्रत्येक वेळी फडक्याची नवी घडी वापरा, म्हणजे निघालेले कण पुन्हा घासले जाणार नाहीत.

६. डाग उरला तर पाचवी पायरी जोराने करू नका. तिसरी आणि चौथी पुन्हा करा.

७. शेवटी स्वच्छ ओल्या फडक्याने साबण टिपून काढा आणि कोरड्या मऊ फडक्याने पाणी पुसा. पाणी तसेच वाळले तर त्यातले क्षार पांढरे ठिपके ठेवतील. वायपरची रबरी पट्टीही ओल्या फडक्याने पुसायला विसरू नका.

हे मात्र नको

उकळते पाणी नको. अंड्यातला पांढरा भाग साठ अंशांच्या पुढे थिजू लागतो, आणि किड्याच्या रक्तातली प्रथिनेही त्याच जातकुळीतली. तुम्ही ती भिजवायला जाल आणि ती शिजतील. शिवाय गार काचेवर एकदम उकळते पाणी पडले, तर काच तडकण्याची भीती असतेच.

रॉकेल किंवा पेट्रोल नको. ही द्रव्ये तेलकट पदार्थ विरघळवतात, प्रथिने नव्हेत. काम होणार नाहीच, आग लागण्याचा धोका मात्र राहील. हेल्मेटच्या प्लॅस्टिकला तर त्यांनी तडे जाऊ शकतात.

भांडी घासायची हिरवी घासणी आणि तारेचा गुंडा नको. हिरव्या घासणीत मुद्दाम कठीण कण बसवलेले असतात. पाते वा चाकू रंगाला लावणे तर दूरच राहिले.

मग हट्टी डागांना काहीच औषध नाही का? आहे. आपल्या पोटातील काही विकरे (एन्झाइम) प्रथिनांच्या साखळ्या तोडतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम यांनी १९१३ मध्ये अशी विकरे कपडे भिजवण्याच्या चूर्णात वापरण्याचे पेटंट घेतले. आज धुण्याच्या कित्येक पावडरींत ती असतात. मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्ची पपई लावतात, त्यामागेही पपईच्या चिकातले असेच एक विकर असते. पण विकर झाले तरी त्याला पाणी आणि वेळ लागतोच.

करून पाहा

यातले काहीही माझ्या शब्दावर मान्य करू नका. अंड्याच्या पांढऱ्या भागाचे (अंडे चालत नसेल तर घट्ट दुधाचे) सारखे पाच थेंब एका जुन्या स्टीलच्या ताटात अंतराअंतरावर पसरा आणि एक दिवस वाळू द्या. मग पहिला थेंब कोरड्या फडक्याने पुसा. दुसरा ओल्या फडक्याने लगेच पुसा. तिसऱ्यावर ओले फडके दोन मिनिटे ठेवून पुसा. चौथ्यावर दहा मिनिटे ठेवा. पाचव्यावर शाम्पूच्या पाण्याचे फडके दहा मिनिटे ठेवा. प्रत्येक वेळी डाग पूर्ण जायला फडके किती वेळा फिरवावे लागले, ते मोजून तक्ता करा. पुसण्याचा जोर सारखा राहावा म्हणून फडके एकाच वजनाच्या डब्याला गुंडाळून डबा ओढा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, हा प्रयोगाचा प्राण आहे. ताटावर ओरखडे उमटतील, तेव्हा ताट मागूनच घ्या!

विमानांनाही हाच ताप

हा प्रश्न मोटारीपुरता नाही. विमानाच्या पंखावरून हवा शांत थरांनी वाहावी, म्हणजे इंधन वाचते. पण जमिनीजवळून उडताना पंखाच्या पुढच्या कडेवर किडे आदळतात, आणि त्यांच्या अवशेषांचा लहानसा उंचवटाही तो शांत प्रवाह विस्कटायला पुरतो. म्हणून अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने २०१५ मध्ये बोइंग ७५७ जातीच्या एका विमानावर पाच प्रकारचे लेप लावून लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे, जेथे किडे भरपूर, मुद्दाम उड्डाणे केली. एका लेपामुळे चिकटणाऱ्या किड्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. अशा संशोधनाला प्रेरणा देणारे एक उदाहरण आपल्या परसातच आहे. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, हे तुम्ही पाहिलेच आहे. पानावरच्या अतिसूक्ष्म उंचवट्यांमुळे आणि मेणामुळे थेंब पानाला धड टेकतच नाही. किड्याचा थेंब मात्र पावसाच्या थेंबासारखा साधा नसतो. तो चिकट असतो आणि भयंकर दाबाने येतो, म्हणून प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

पुसण्याआधी मोजा

शेवटी एक विनंती. फडके ठेवण्यापूर्वी दोन मिनिटे थांबा आणि नंबरपाटीवरचे डाग मोजा.

डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ अँडर्स पापे म्यॉलर यांनी १९९७ ते २०१७ अशी वीस वर्षे ठरावीक रस्त्यांवरून गाडी चालवून काचेवर मेलेले किडे मोजले. तपमान, वारा, दिवसाची वेळ यांचीही त्यांनी नोंद ठेवली. त्यांपैकी एका रस्त्यावर किड्यांची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटलेली आढळली. त्याच भागात किड्यांवर जगणारे पक्षीही कमी झाले होते. जर्मनीतील संरक्षित क्षेत्रांत जाळ्यांनी पकडलेल्या उडत्या किड्यांचे एकूण वजन २७ वर्षांत तीनचतुर्थांशाहून अधिक घटल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा स्वच्छ राहिलेली काच ही नेहमीच आनंदाची बातमी नसते. फुलांचे परागण करणारे, पाखरांच्या पिलांचे पोट भरणारे हेच किडे आहेत.

एका वहीत तारीख, रस्ता, किती किलोमीटर प्रवास झाला, साधारण वेग, पाऊस होता का आणि नंबरपाटीवर किती डाग पडले, एवढे लिहीत चला. पाच पावसाळे ही वही चालू राहिली, तर तुमच्या तालुक्यातील किड्यांविषयी सांगण्यासारखे काही तरी तुमच्या हाती आलेले असेल. त्यासाठी गाडी मुद्दाम काढायची गरज नाही, आणि वेग तर मुळीच वाढवायचा नाही. होणारच असलेल्या प्रवासाची नोंद पुरे.

नोंद झाली? मग आता ओले फडके डागांवर पसरा, आणि दहा मिनिटे पाण्याला त्याचे काम करू द्या.